वागणं चोख आहे, मनाचं काय?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ठाण्याच्या एक वाचक, बँकेतून निवृत्त, वय साठीच्या पुढे. मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली. सून नागपूरकडची. त्या लिहितात: ‘तिला मी आजवर एक वावगा शब्द बोललेले नाही. सणाला साडी, आजारपणात डबा, सगळं केलं. पण मनातून ती मला आवडत नाही. मोठ्याने बोलते. घरात शिरल्या शिरल्या फ्रिज उघडते, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांच्या जागा बदलते. “काय करून राहिले, आई?” हे ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. हळदीकुंकवाला सगळ्या बायकांसमोर म्हणाली, आईंचे गुडघे दुखतात, त्या उठणार नाहीत. ह्यांना ऐकू कमी येतं, तर पाहुण्यांदेखत म्हणाली, “बाबा, तुम्हाला काही सांगण्यात अर्थच नाही.” रोज रात्री बहिणीशी फोनवर बोलते तेव्हा कुठे माझं मन मोकळं होतं. मिस्टर म्हणतात, तुझं वागणं चोख आहे ना, मनात काय आहे ते कोण बघतंय? मुलगी म्हणते, आई, तू ढोंगी आहेस. आमच्या वाचनगटात आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ लेखिकेवर बोलणं झालं. सासूने सुनेकडे प्रेमाने पुन्हा बघावं, असं तिने लिहिलंय म्हणे. मला नाही पटलं. न आवडणारं माणूस आवडतंय असं स्वतःला पटवायचं, ही फसवणूक नाही का? आणि दर वेळी बाईनेच का बघायचं? आता मुलगा म्हणतो, दोन्ही फ्लॅट विकून एक मोठा घेऊ, एकत्र राहू. गणपतीआधी टोकन द्यायचंय. मी काय करू? सुनेला एकदा सगळं स्पष्ट सांगून टाकू का?’

ताई,

वाचनगटात कुणीतरी मर्डॉकचं म्हणणं फारच गोड करून सांगितलेलं दिसतंय. त्या गोड आवृत्तीवर तुम्ही घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. पण मूळ म्हणणं त्याहून बरंच कडक आहे, आणि तुमच्या घराला इतकं लागू पडतं की तुमचं पत्र वाचताना मला दोनदा हसू आलं. रागावू नका.

आयरिस मर्डॉक डब्लिनला जन्मली, लंडनमध्ये वाढली आणि 1948 पासून पंधरा वर्षं ऑक्सफर्डच्या सेंट ॲन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होती. कादंबऱ्याही लिहायची, आयुष्यात एकूण 26 लिहिल्या. त्या काळच्या तिच्या बऱ्याच सहकाऱ्यांचं मत असं की नीती म्हणजे माणसाची निवड आणि त्याची कृती, जी चारचौघांना दिसते ती. आत काय चाललंय ते धूसर असतं, त्याला फारसं वजन नाही. म्हणजे तुमचे मिस्टर जे म्हणतात तेच, फक्त जरा अवघड इंग्रजीत. त्यांना हे जरूर सांगा, खूश होतील.

या मताला उत्तर देण्यासाठी तिने सासू-सुनेचं उदाहरण घेतलं. ‘द आयडिया ऑफ परफेक्शन’ नावाच्या निबंधात ते आहे, आणि हा निबंध पुढे 1970 सालच्या ‘द सॉव्हरेंटी ऑफ गुड’ या छोट्या पुस्तकात आला. त्यातली सासू सुनेला ‘मनाने बरी’ म्हणते, पण तिच्या लेखी सून अघळपघळ, फटकळ, पोरकट. तिचे कपडे आवडत नाहीत, बोलण्याची ढब आवडत नाही. मुलाने आपल्यापेक्षा खालच्या घरातली केली, असं वाटत राहतं. वागण्यात मात्र ही सासू कुठेच कमी पडत नाही. मनातलं बाहेर कुठूनही गळू नये म्हणून मर्डॉक आणखी एक युक्ती करते: समजा, मुलगा-सून परदेशी गेलेत, किंवा सून आता या जगातच नाही. म्हणजे सासूच्या मनात पुढे जे काही घडेल, त्याचा सुनेला ना फायदा ना तोटा.

आणि मग घडतं काय? सासू हुशार आहे, स्वतःची झाडाझडती घेऊ शकते. ती मनाशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, माझे पूर्वग्रह असतील, थोडा उच्चपणाचा गंड असेल, मत्सर तर नक्कीच आहे. पुन्हा एकदा बघू या. आणि हळूहळू तिला दिसू लागतं, की जे अघळपघळ वाटत होतं तो मोकळेपणा आहे आणि जो पोरकटपणा वाटत होता ते तारुण्य आहे. बाहेर काडीचाही फरक पडलेला नाही. मर्डॉक विचारते, या बाईने या काळात काहीच केलं नाही असं तुम्ही म्हणणार का? तिच्या मते तिने खूप काही केलं, आणि जे केलं तेच नीतीचं खरं काम.

तुमची मुलगी म्हणते तसं ढोंग यात कुठे बसतं? माझ्या मते बसतच नाही. मनात आठी असताना ज्याने डबा पोचवला त्याला ढोंगी म्हणणं हा तरुणपणीचा कडकपणा आहे. मर्डॉकची सासूसुद्धा सुरुवातीपासून नीट वागते आणि त्याबद्दल तिला कुणी टोचत नाही. चोख वागणं ही चांगली गोष्ट आहे. फक्त काम तिथे संपत नाही, एवढंच.

आता फसवणुकीचा मुद्दा. हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि मर्डॉकला तो सुचला नव्हता असं नाही. ती स्वतःच लिहिते की या सासूबद्दल कुणी म्हणेल, हिने स्वतःची समजूत घालून घेतली. काही सासवांच्या बाबतीत तसं असेलही. मी ज्या सासूची कल्पना करतेय ती न्यायाने आणि प्रेमाने बघते आहे, असं ती सांगते. न्यायाने हा भाग तुमच्या वाचनगटातून गळला आणि उरलं ते नुसतं प्रेम. ‘लक्ष’ ही कल्पना तिने फ्रेंच विचारवंत सिमोन वेलकडून घेतली. समोरचं माणूस जसं आहे तसं, आपली भर न घालता बघणं, असा तिचा अर्थ. मर्डॉक रशियन भाषा शिकण्याचं उदाहरण देते. रशियन व्याकरण आपल्या सोयीने वाकत नाही. ते आपल्या आधीपासून आहे, आपल्याशिवायही राहील, आपण फक्त त्याच्यापुढे नमून ते शिकायचं. माणसाकडे बघणंही तसंच. त्यात लाड नाहीत.

म्हणून दुसऱ्यांदा बघितल्यावर सून गोडच दिसली पाहिजे, अशी अट नाही. तुमच्याच पत्रातल्या गोष्टी घ्या. हळदीकुंकवाला ती म्हणाली, आईंचे गुडघे दुखतात, त्या उठणार नाहीत. तुम्हाला ती चारचौघीत म्हातारी ठरवणं वाटली. तिने कदाचित तुम्हाला उठबस करण्यातून सोडवलं असेल. यातलं खरं काय ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. तुम्ही होतात. पण त्या क्षणी तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतात, की बायका आता काय म्हणतील याकडे? उलट, पाहुण्यांदेखत सासऱ्यांना ‘तुम्हाला काही सांगण्यात अर्थच नाही’ म्हणणं मी कितीही वेळा पुन्हा पाहिलं तरी मला उर्मटपणाच दिसतो. ती दमलेली असेल, वैतागलेली असेल, तरी उर्मटपणाच. न्यायाची नजर हेही बघते.

आणि ‘काय करून राहिले’? याबद्दल मी जरा रोखठोक लिहिते. ही सुनेची चूक नाही. विदर्भातली लाखो माणसं असंच बोलतात, आणि त्यांच्या कानाला आपलं ठाण्या-पुण्याचं बोलणं तुटक आणि आखडू लागतं. मर्डॉकच्या सासूलाही सुनेची बोलण्याची ढबच खुपते, कारण इंग्रजांच्या देशात तोंड उघडलं की माणसाचा वर्ग कळतो. आपल्याकडे वर्ग कळतो, गाव कळतं, आणि पुष्कळदा ऐकणारा जातही शोधत असतो. तुमच्या आठीत यातलं किती आहे, ते मला सांगू नका. तुम्ही बघा म्हणजे झालं.

आता मला खटकलेली गोष्ट. पत्र चांगलं लांबलचक आहे. तुमचे गुडघे, तुमच्या साड्या, तुमचे डबे, तुमचा मिसळणाचा डबा, मिस्टरांचं मत, मुलीचं मत, बहिणीचा फोन, सगळं त्यात आहे. सून काय काम करते, हे मात्र कुठेच नाही. नोकरी करते की घरी असते, तिचे आईवडील आहेत का, लग्नाआधी ती कोणत्या घरात वाढली, ठाण्यात तिला कुणी मैत्रीण आहे का, काहीच नाही. बँकेत तुम्ही एकाच बाजूच्या नोंदींवरून कुठलं खातं जुळवलं नसतं. इथे मात्र चार वर्षांत फक्त नावे बाजू भरत गेली आहे.

मर्डॉकच्या मते आपल्या बघण्याच्या आड येतो तो आपला अहं. तिचा शब्द ‘गलेलठ्ठ आणि न थकणारा’ असा काहीसा आहे. तो सतत गोष्टी रचतो, आणि प्रत्येक गोष्टीत नायक आपणच, किंवा मग पीडित आपणच. गंमत म्हणजे ‘मी ढोंगी तर नाही ना’ ही काळजीसुद्धा त्याच्याच कामाची. स्वतःच्या दोषांकडे टक लावून बसणं हेही स्वतःकडेच बघणं आहे, असं ती बजावते. तिचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. आपल्या प्रतिष्ठेला लागलेला कुठलासा धक्का मनात घोळवत ती खिडकीशी उभी आहे. इतक्यात बाहेर ससाण्याच्या जातीतला एक छोटा पक्षी हवेत एका जागी पंख मारत थांबलेला दिसतो. क्षणभर दुसरं काही उरतच नाही. पुन्हा त्या धक्क्याकडे वळावं तर तो लहान झालेला असतो.

पण पक्षी फ्रिज उघडत नाही. माझी मर्डॉकबद्दल तक्रार असलीच तर ही. तिने उदाहरणासाठी सुनेला परदेशी पाठवलं, नाहीतर मारून टाकलं. मुद्दा स्वच्छ झाला, पण सून मुकी झाली. तिच्या बाजूने सासूकडे कोण बघणार? आणि खरी जिवंत सून समोर असताना नुसतं मनातल्या मनात कशाला बघायचं, सरळ विचारता येतं की. (मर्डॉकला मूल नव्हतं, म्हणजे सूनही नव्हती. स्वतःच्या आयुष्यातही तिने प्रेमप्रकरणांचे बरेच गुंते करून ठेवले होते. साधूने केलेला उपदेश म्हणून तिला वाचू नका.)

दर वेळी बाईनेच का बघायचं, हा तुमचा राग मला कळतो. मर्डॉकवर ही टीका झालेलीही आहे: जिला लहानपणापासून स्वतःला पुसून टाकायलाच शिकवलं, तिला ‘स्व विसर’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. आपल्याकडे तर ‘समजून घे’ हे वाक्य बायकांना एवढ्या वेळा ऐकवलं गेलंय की ते कानावर आलं तरी अंगावर येतं. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करते. गुडघे दुखत असताना आराम हवा, आपलं स्वयंपाकघर आपल्या हाती हवं, दुपारी शांतता हवी, ही तुमची गरज आहे. ती विसरायला मर्डॉक सांगत नाही, मीही नाही. सुनेने वाट्या हलवल्या त्या मला हिणवायलाच, ही गोष्ट मात्र रचलेली असू शकते. सोडायची ती ही. आणि हो, हेच काम मिस्टरांना आणि मुलालाही आहे. दोन्ही बायकांनी एकमेकींना समजून घ्यावं आणि आपण मधे मजेत राहावं, ही सोय चार वर्षं मुलाने भोगलेली दिसते. त्याच्याबद्दल पत्रात एक शब्द तक्रारीचा नाही, हेही जरा पुन्हा बघा.

ही पत्रं वाचणाऱ्या काही सुनाही असतात. त्यांच्यासाठी मधेच एक: जिथे मारहाण आहे, पैशांसाठी छळ आहे, धमक्या आहेत, तिथे ‘पुन्हा प्रेमाने बघ’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मर्डॉकच्या गोष्टीतल्या दोघी एकमेकींपासून पूर्ण सुरक्षित आहेत, म्हणूनच ते बघणं शक्य होतं. अशा वेळी 181 या महिला हेल्पलाइनला किंवा 112 ला फोन करायचा. बघणं वगैरे नंतर.

ताई, तुमच्याकडे परत येते. करायचं काय?

बहिणीचा रात्रीचा फोन थांबवू नका, पण काही दिवस त्यातून सुनेला वगळा. मन मोकळं होतं म्हणता, पण मला शंका आहे की तिथे ते भरतं. दिवसभरातला एक प्रसंग रात्री सांगताना थोडा टोकदार होतो, बहीण ‘अगं बाई!’ म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी सून आली की तुम्ही तिला पाहत नाही, कालचा प्रसंग पाहता. मर्डॉकच्या ‘द सी, द सी’ या कादंबरीत, 1978 चं बुकर मिळालेल्या, हेच आहे. नाट्यदिग्दर्शक चार्ल्स ॲरोबी निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला जातो, तिथे त्याला तरुणपणची प्रेयसी भेटते. आता वयस्क, विवाहित. ती नवऱ्यापाशी दुःखीच असणार आणि तिला सोडवणं आपलं काम, हे तो परस्पर ठरवून टाकतो आणि अखेर तिला घरात कोंडून ठेवतो. ती जाऊ दे म्हणते तेही त्याला ऐकू येत नाही. तो हे सगळं प्रेमानेच करतो बरं का! तेव्हा फोनवर नावं ठेवणं बंद करून उद्यापासून सुनेचं कौतुक सुरू करू नका. तीही रचलेली गोष्टच होईल. तिच्याबद्दल काही बोलायचंच झालं तर आज पाहिलेलं सांगा, त्याचा अर्थ सांगू नका.

तिला काहीतरी विचारा, घराशी संबंध नसलेलं. दिवस कसा जातो, नोकरी करत असेल तर ऑफिसात कुणाशी जमतं, नागपूरच्या घरी स्वयंपाक कोण करायचं. उत्तर ऐकून आपला अनुभव सांगायची घाई करू नका. आपण पुन्हा बघतोय की नुसता मुलामा चढवतोय, याची एक खूण आहे: खरं बघताना अधूनमधून आश्चर्य वाटतं. कधी चांगलं, कधी वाईट. सगळं आपल्या अंदाजानुसारच निघत असेल, मग अंदाज गोड असो की कडू, तर आपण अजून तिच्याकडे पाहिलेलं नाही.

‘सगळं स्पष्ट सांगून टाकू का’ याला माझं उत्तर नाही असं आहे. कारण त्या ‘सगळ्या’त बहुतेक तुमची विशेषणं आहेत. तू उथळ आहेस, मोठ्याने बोलतेस, वळण नाही. यावर ती करणार काय? सांगण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. एक, सासऱ्यांना पाहुण्यांसमोर जे बोलली ते. पुन्हा असं झालं तर त्याच दिवशी, ती एकटी असताना, आवाज न चढवता: ‘बाबांना ऐकू येत नाही याची त्यांना लाज वाटते, लोकांसमोर असं म्हणत जाऊ नकोस.’ दुसरी, वाट्या. ‘माझा हात सवयीने त्याच जागी जातो, डबा आहे तसा राहू दे’, हे चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर एव्हाना विसरूनही गेला असतात. न बोलण्याला तुम्ही चोख वागणं समजलात. काही बाबतींत ते फक्त न बोलणं होतं.

राहिला फ्लॅट. मर्डॉक म्हणते, निवडीचा मोठा क्षण येतो तोवर निवडण्याचं बरंचसं काम होऊनच गेलेलं असतं. रोजच्या बघण्यातून ते होत असतं. तुमचं पत्र वाचून वाटतं, एकत्र राहायचं नाही हे तुमचं ठरलेलं आहे. अडचण एवढीच, की नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि सून वाईट असणं हे सगळ्यात हाताशी असलेलं कारण आहे. ‘नाही’ म्हणायचंय म्हणून तिच्या चुका गोळा होत असतील, तर ती कितीही चांगली वागली तरी तुम्हाला दिसणार नाही. कारण ती चांगली निघाली तर नकार टिकणार कसा?

टिकतो. सून लाखात एक असली तरी तुम्हाला वेगळं राहावंसं वाटू शकतं. निवृत्त माणसाला आपलं घर, आपल्या वेळा, आपला मजला हवासा वाटणं हे पुरेसं कारण आहे. शिवाय पैशाचं तुम्हाला मी काय सांगावं: एकच मोठा फ्लॅट झाला की पुढे पटलं नाही तर परत फिरणं दोघांनाही महाग पडतं. फारच ओढ असेल तर त्याच सोसायटीत किंवा हाकेच्या अंतरावर भाड्याने राहून बघा. टोकनची तारीख बिल्डरची आहे, तुमची नव्हे.

मुलाला हे सांगताना सुनेचं नाव काढू नका, ‘तुझ्या बायकोचा स्वभाव’ तर मुळीच नको. आणि त्याच्या एकट्याच्या कानात सांगून त्याला निरोप्या बनवू नका. येत्या रविवारी दोघांना जेवायला बोलवा, मिस्टरांना त्यांचं श्रवणयंत्र लावायला सांगा, आणि दोघं समोर असताना सांगा. सून काही विचारेल. बहुधा मोठ्याने विचारेल. तिला पूर्ण बोलू द्या.